याकोबीची फुगडी

१८ नोव्हेंबर, रात्र

या आठवड्यात थ्री फेज रात्रीची. बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेलेत आणि मी ओसरीवर एफपीजीए बोर्ड (आतलं सर्किट आपणच हवं तसं रचता येतं अशा चिपचा) मांडून बसले. घरातली लाइन येऊन-जाऊन आहे, पण बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो म्हणून निभतं. नाहीतर वीज गेली की चिपमधली सगळी रचना पुसली जाते, पुन्हा भरत बसा.

"इतल्या रातीचं काय करून रायली वं?" आईनं विचारलं.
"आकडे शोधून रायली."
"सापडले का मंग?"

अजून नाही. आठ माइकच्या आवाजावरून ८ × ८ ची सिमेट्रिक मॅट्रिक्स बनते, म्हणजे वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणाऱ्या कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आकड्यांचा चौकोन. तिच्या आयगेन व्हॅल्यू, म्हणजे ती कुठल्या दिशेला किती ताणते ते सांगणारे खास आकडे, चिपमध्येच काढायच्या आहेत. संगणकावर या कामाला १९६१ च्या क्यूआर पद्धतीचं राज्य आहे, ते असू दे. एवढ्याशा चिपवर मला जर्मन गणितज्ञ याकोबीच बरा वाटतो. त्यानं १८४६ मध्ये ग्रहांच्या कक्षांच्या हिशोबासाठी ही रीत छापली, तीही हातानं करायला! कर्णाबाहेरचा एक आकडा धरायचा आणि तो शून्य होईल अशा कोनातून मॅट्रिक्स फिरवायची. पुढच्या फिरवणीत ते शून्य बिघडतं, पण कर्णाबाहेरच्या वर्गांची बेरीज घटतच जाते. शेवटी कर्णावर उरतात त्या आयगेन व्हॅल्यू.

खरी मजा जोड्यांची आहे. मॅट्रिक्सच्या आठ ओळी म्हणजे आठ जणी, आणि कर्णाबाहेरचा आकडा म्हणजे दोघींची जोडी. आठ जणींच्या एका वेळी चार फुगड्या, मग जोडीदारीण बदलायची. सात फेऱ्यांत अठ्ठावीसही जोड्या होतात. चार फुगड्या एकमेकींच्या आड येत नाहीत, म्हणून चिपवर चारही एकदम चालतात.

फिरवायला कॉर्डिक, म्हणजे छोट्या छोट्या ठरलेल्या कोनांनी फिरवायचं तंत्र, व्होल्डर नावाच्या अभियंत्याचं, १९५९ चं, विमानाच्या दिशादर्शनासाठी केलेलं. ज्यांचा टॅन्जंट १, १/२, १/४, १/८ असा निम्मा होत जातो, त्या कोनांनी पुढे-मागे सरकत जायचं. निम्मं करणं म्हणजे बिट सरकवणं, त्यामुळे गुणाकार लागतच नाही. फुकट मात्र काही नाही: लांबी १.६४६८ पट फुगते, आणि याकोबीत डावीकडून-उजवीकडून दोनदा फिरवायचं, म्हणजे सुमारे २.७१ पट. हे आवरलं नाही तर फिक्स्ड पॉइंटमध्ये, म्हणजे ठरावीक बिटांत बसवलेल्या आकड्यांत, धन संख्या गुपचूप ऋण होऊन बसते.

म्हणून आधी छोटी मॅट्रिक्स घातली: वर ४, १, खाली १, ३. स्क्रीनवर ४.६१८ आणि २.३८२ आले. बेरीज ७, कर्णाची आधी होती तेवढीच. फिरवून ती बदलत नाही. बदलली तर बिट सांडताहेत असं समजायचं. मोठ्या मॅट्रिक्सलाही हीच तपासणी लावणार आहे.

थांबायचं कधी, ते ठरवलंय. दर फेरीला "झालं का?" विचारणारं सर्किट मला नको. सात फेऱ्यांचं एक, अशी पाच-सहा पूर्ण आवर्तनं ठरवून टाकायची. शेवटी शेवटी ही पद्धत फार झपाट्यानं जुळते, आणि उत्तर चिपच्या घड्याळाच्या किती ठोक्यांनंतर येणार हे आधीच कळतं. माइकच्या पुढच्या नोंदी रांगेत उभ्या असताना तेच महत्त्वाचं.