तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी माणसाचा धर्म कोणता?

जपानमध्ये बरीच वर्षं काढून पुण्याला परतल्यापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, जपानी शिकायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून, कुठेही गाठतो. "हे लोक नेमके कोण हो? बौद्ध ना?" शेजारचा लगेच दुरुस्ती करतो, "छे, त्यांचं ते शिंतो." मग दोघं निकालासाठी माझ्याकडे बघतात.

निकाल जपानी सरकारच्या आकड्यांतूनही लागत नाही. तिथलं सांस्कृतिक खातं दरवर्षी धर्मसंस्थांकडून अनुयायांची संख्या मागवून घेतं. देशाची लोकसंख्या १२.५ कोटींच्या आसपास आणि या याद्यांची बेरीज भरते १६ कोटींच्या वर. लबाडी कुणाचीच नाही. शिंतो, म्हणजे जपानचा मूळचा देवधर्म; त्याचं देवस्थान आपल्या हद्दीतली घरं मोजतं, बौद्ध मंदिर आपल्या वहीतली घराणी मोजतं, आणि बहुतेक वेळा घर तेच असतं. त्या घरातल्या माणसाला विचारावं, तर तो सांगतो की मी काही धर्मबिर्म मानत नाही.

हे कळायला पोथ्यांपेक्षा जुनं घर बघावं. भिंतीवर उंच एक लाकडी फळी असते, कामिदाना. तिच्यावर छोटंसं देऊळ, तांदूळ, मीठ, पाणी, साके म्हणजे तांदळाची दारू. ही कामींची जागा. कामी म्हणजे शिंतोतले देव. त्यात सूर्यदेवता आमातेरासू आली, गावचा डोंगर आला, एखादा जुना वृक्ष आणि कर्तबगार मेलेला माणूसही आला. त्याच घरात दारं असलेलं एक कपाट असतं, बुत्सुदान. आत बुद्धमूर्ती आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावांच्या पाट्या. या पाट्यांवर त्यांची जिवंतपणीची नावं नसतात, भिक्षूने मरणोत्तर दिलेली असतात.

घरात कुणी गेलं की कामिदानावर पांढरा कागद लावून ती झाकतात. कामींना मृत्यूचा विटाळ चालत नाही. हा कागद घरच्यांनी नाही, बाहेरच्या कुणी लावावा असाही संकेत आहे. पुढचं सगळं बुत्सुदानाकडे: भिक्षू येतो, सूत्रं म्हणतो, दहन होतं, ४९ दिवस विधी चालतात. स्मशानातून आलेला माणूस दारात अंगावर मीठ टाकून मगच आत येतो. (जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचे लोक मात्र हे मीठ मानत नाहीत. मरणाने माणूस अपवित्र होतो हेच त्यांना मान्य नाही.) त्या वर्षी ते घर कुणाला नववर्षाची शुभेच्छापत्रं पाठवत नाही, उलट आधीच कळवतं की यंदा आम्हाला पाठवू नका. वर्षभर सण न करणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सुतक ज्याला ठाऊक आहे त्याला जपान निम्मं समजलेलं असतं, असं माझं मत आहे.

थोडक्यात, जन्म, पीकपाणी, नवी गाडी, परीक्षा हे कामींचं खातं आणि मरण बुद्धाचं.

"पण बौद्ध धर्म आपल्याकडूनच गेला ना?" हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारताना छाती जरा पुढे आलेली असते. गेला, पण सरळ नाही. सहाव्या शतकात कोरियातल्या बेकचे राज्याच्या राजाने जपानी दरबारात बुद्धमूर्ती आणि सूत्रं पाठवली. साल कुणी ५३८ धरतं, कुणी ५५२. सूत्रं होती चिनी भाषेत. सोगा घराण्याला हा देव हवा होता. मोनोनोबे घराण्याचं म्हणणं, आपले कामी रागावतील. साथ आली तेव्हा मूर्ती नानिवाच्या कालव्यात फेकण्यात आली, असं ७२० सालच्या 'निहोन शोकी' या इतिहासात नोंदलंय. अखेर ५८७ मध्ये लढाईत मोनोनोबे संपले. म्हणजे पहिल्या भेटीतच रक्त सांडलं होतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

थेट भारतीय माणूस हवाच असेल तर बोधिसेन आहे. तो ७३६ मध्ये जपानला पोचला आणि ७५२ मध्ये नारातल्या तोदाइजी मंदिराच्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे त्याच्या हातून रंगवले गेले. त्याच्या कुंचल्याला दोऱ्या बांधून त्या जमलेल्या लोकांनी धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना. याच मूर्तीच्या कामाला हाचिमान या कामीने पाठिंबा दिल्याचं जाहीर झालं होतं आणि त्याला क्यूशूहून वाजतगाजत नाराला आणलंही होतं. पुढे कामी हे बुद्धांचेच अवतार, असा सिद्धांत पक्का झाला आणि हजारेक वर्षं देऊळ आणि मठ एकाच आवारात नांदले.

याच वाटेने आपली मंडळीही तिकडे स्थायिक झाली. जपानच्या सात भाग्यदेवतांमध्ये सरस्वती (बेन्झाइतेन), महाकाल (दाइकोकुतेन) आणि वैश्रवण म्हणजे कुबेर (बिशामोन्तेन) आहेत. तिघे चीनचे आणि अस्सल जपानी फक्त एबिसू. आपल्याकडे लक्ष्मी-सरस्वती एका घरात नांदत नाहीत म्हणतात. कामाकुराच्या झेनिआराइ बेन्झाइतेनला लोक सरस्वतीच्याच झऱ्यात नोटा धुतात, वाढाव्यात म्हणून. दाइकोकुतेनचा महाकाल तर ओळखूच येत नाही: तांदळाच्या पोत्यांवर उभा, हातात हातोडी, चेहऱ्यावर दुकानदाराचं हसू. आणि हो, गणपती आहे. कांगितेन. तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा इथे त्याचं स्थान आहे. नैवेद्य मोदकाचा नाही, पांढऱ्या मुळ्याचा. मूर्ती बघायला मिळत नाही, ती गुप्त. त्यामुळे फोटो मागू नका.

इथपर्यंत ऐकलं की समोरचा म्हणतो, "वा, किती सहिष्णू लोक!" इथे मला थांबवावंसं वाटतं, आणि त्यासाठी मी वसईला जातो.

१५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. सोबत होता आंजिरो, गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला जपानी. त्याच्या सल्ल्याने झेवियरने आपल्या देवाला आधी 'दाइनिची' म्हटलं. ते निघालं वैरोचन बुद्धाचं नाव, आणि ऐकणाऱ्यांची समजूत झाली की हिंदुस्थानाकडून आणखी एक बौद्ध पंथ आलाय. स्वागत बरं झालं. पण ५० वर्षांच्या आत, १५९७ मध्ये, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने २६ ख्रिस्ती लोकांना नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूसावर चढवलं. त्यांतला एक वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. तो आधी जपानमध्ये व्यापार करायचा, जपानी उत्तम बोलायचा, म्हणून फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा दुभाषी झाला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. रोज त्या फाटकातून आत जाणाऱ्यांपैकी किती जणांना नागासाकी ठाऊक असेल, कोण जाणे.

हिदेयोशीला खटकला तो येशू नव्हे, त्याच्या मागून येणारी स्पेन-पोर्तुगालची जहाजं. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. शिमाबाराचं, बरेचसे ख्रिस्ती शेतकरी असलेलं बंड १६३८ मध्ये मोडल्यावर तर सरकारने कुणालाच मोकळं ठेवलं नाही. प्रत्येक घराण्याने एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं, आणि हा ख्रिस्ती नाही असा दाखला मंदिराने द्यायचा. अंत्यविधीही त्याच मंदिराकडे. आज बुत्सुदानासमोर बसणारं घर त्या मंदिराचं आहे ते पुष्कळदा या नोंदणीमुळे, पूर्वजांच्या साक्षात्कारामुळे नव्हे. नागासाकीकडे काही घरं मात्र कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीत मरिया पाहत अडीचशे वर्षं गुपचूप टिकली. १८६५ मध्ये ती नागासाकीच्या ओउरा चर्चमधल्या फ्रेंच पाद्र्यापुढे आली.

मग १८६८. शोगुनांची राजवट जाऊन आलेल्या नव्या मेइजी सरकारला सम्राटाभोवती राष्ट्र उभं करायचं होतं, त्यासाठी स्वच्छ, निर्भेळ शिंतो हवा होता. हुकूम निघाला: कामी वेगळे, बुद्ध वेगळे. बिवा सरोवराकाठच्या साकामोतोत देवस्थानातून बुद्धमूर्ती आणि सूत्रं काढून जाळली. कामाकुराच्या हाचिमान देवस्थानातल्या बौद्ध इमारती पाडल्या. नाराच्या कोफुकुजी मंदिरातले भिक्षू शेजारच्या कासुगा देवस्थानाचे पुजारी झाले. हजार वर्षांचा संसार काही वर्षांत कागदोपत्री मोडला. पर्यटकांना आम्ही शिकवतो ना, की तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, दिसली तर शिंतो, धुपाचं भांडं दिसलं तर बौद्ध? ही वाटणी एवढी नीट दिसते ती या हुकुमामुळे. आसाकुसात सेन्सोजी मंदिर आणि त्याला चिकटून शिंतो देवस्थान उभं आहे. सुमिदा नदीत ज्यांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती लागली ते दोघे भाऊ आणि तिची पूजा मांडणारा गावचा मुखिया, असे तिघे त्या देवस्थानात कामी म्हणून बसलेत. बुद्धाचे पहिले भक्त शिंतोचे देव! मेइजी काळापासून दोन्ही संस्था वेगळ्या, पण मे महिन्यातल्या सान्जा जत्रेत हे वेगळेपण कुणाच्या लक्षातही नसतं.

पुरातन म्हणून दाखवलं जाणारं बरंचसं त्यानंतरचं आहे. देवस्थानातलं शिंतो लग्न १९०० मध्ये युवराजाच्या विवाहानंतर रुळलं. नववर्षाला दूरच्या देवस्थानाला जायची प्रथा रेल्वे कंपन्यांनी वाढवली. आता पुष्कळ मुली पांढऱ्या झग्यात, चर्चसारख्या दिसणाऱ्या हॉलमध्ये लग्न करतात. नाताळात केक आणि तळलेली कोंबडी. यावर फार तत्त्वज्ञान करू नये.

आणि 'धर्म मानत नाही' म्हणणाऱ्याला खोटारडा समजू नका. धर्म म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे पंथात भरती करायला दार वाजवणारे लोक येतात, १९९५ मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडणारा ओम शिनरिक्यो पंथ येतो. देवळात दोनदा टाळी वाजवणं त्याच्या लेखी धर्म नसतो, रीत असते.

हल्ली मी उलट प्रश्न सुचवतो. जपानी स्नेह्याला धर्म विचारू नका, घरचं मंदिर कुठल्या पंथाचं ते विचारा. तरुण असेल तर बहुधा तो म्हणेल, आईला विचारून सांगतो. खेड्यातली घराण्याची कबर सांभाळायला आता कुणी उरलेलं नसतं, म्हणून ती बंद करून अस्थी तोक्योतल्या एखाद्या इमारतीतल्या कप्प्यात हलवण्याचं काम हजारो घरांत सुरू आहे. मंदिराच्या वहीतून नाव काढायला भिक्षूची समजूत घालावी लागते, त्यात कधी पैशांवरून वाजतंही. सतराव्या शतकात सरकारने बांधलेली ती गाठ आता घरोघरी, एकेक करून सुटते आहे, आणि या वेळी हुकूम कुणाचाच नाही.