नाचण्याकडची वाळवंटी जमीन: टोकन देण्याआधी स्वतः जाऊन या

निकाल आधीच सांगते. राजस्थानात, जैसलमेर जिल्ह्यातल्या नाचणा गावाच्या पुढे, कालव्याचं पाणी पोचत नाही अशी जमीन म्हातारपणाची सोय म्हणून घेऊ नका. कितीही स्वस्त मिळाली तरी नको. मी आणि माझी धाकटी बहीण ती नुकतीच पाहून आलो. अंग अजून ठणकतंय, संतापही उतरलेला नाही, पण महिन्याभराने विचारलंत तरी हेच सांगेन.

पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये एजंटने सादरीकरण केलं होतं. वीस बिघे, नहरी म्हणजे कालव्याची, डांबरी रस्त्याला लागून, सोलर कंपन्या भाड्याने घ्यायला रांगेत. हॉल भरलेला. बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, घराण्यात सातबारा नसलेले. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही आणि राजस्थानात ती अट नाही, हे खरं आहे. या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर बाकी सगळं खपवलं जातं. मी बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात नोकरी घालवली, म्हणून खसरा नंबर (आपल्याकडचा गट नंबर) आणि जमाबंदीची, म्हणजे तिथल्या सातबाऱ्याची, नक्कल हातात आल्याशिवाय टोकन द्यायला तयार झाले नाही. नक्कल मिळाली आणि आम्ही निघालो.

पुण्याहून जोधपूरला थेट रेल्वे आहे. जोधपूर ते फलोदी आणि पुढे नाचण्यापर्यंत रस्त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार त्यापुढची. 'डांबरी रस्त्याला लागून' म्हणजे डांबर संपल्यावर अकरा किलोमीटर वाळू. इथे बोलेरो कॅम्पर लागते, साध्या गाडीने प्रयत्नसुद्धा करू नका. जाऊन-येऊन अडीच हजार ठरले होते. चौथ्या किलोमीटरला गाडी रुतली. ड्रायव्हरने चाकांतली हवा आधी कमी केलीच नव्हती, मी सांगितल्यावर केली, तोवर गाडी आसापर्यंत आत. दहा मिनिटांत एक ट्रॅक्टर हजर झाला आणि ओढायचे तीन हजार मागितले. ओसाड माळावर दहा मिनिटांत ट्रॅक्टर येतो तेव्हा तो कुठेतरी वाटच पाहत असतो. घासाघीस करून दोन हजार दिले. परतताना त्याच जागी पुन्हा रुतलो, पुन्हा तोच ट्रॅक्टर, आणि ड्रायव्हर वर म्हणतो, "बाईसा, रेतीचं भाडं वेगळं असतं." तेव्हा निघण्याआधी तीन गोष्टी वदवून घ्या, शक्यतो नाचण्यातल्या दुकानदारासमोर: भाडं प्लॉटपर्यंतचं आहे, वाळूसकट आहे, आणि गाडी रुतली तर ओढण्याचा खर्च गाडीवाल्याचा. डांबर सुटताच हवा कमी करायला लावा. पाणी, टोपी आणि घोट्यावर येणारे बूट तुम्ही नेणारच. मोजे मात्र जाड लोकरीचे नकोत. भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं त्यांत अशी अडकतात की निघत नाहीत, आणि काढताना बोटांत कुसं मोडतात. बहिणीच्या अंगठ्यातलं एक कूस पुण्यात येऊन काढावं लागलं.

जागेवर पोचल्यावर हद्दीचा दगड सापडेना. एजंटचा माणूस सेवण गवताच्या एका टेकाडाकडे हात करून म्हणाला, "इथून तिथपर्यंत." त्याने आणलेल्या 'अमीन'ने, म्हणजे मोजणीदाराने, टेप लावून पाच हजार मागितले, पावती नाही. एक पैसाही देऊ नका. तहसीलदाराकडे सीमाज्ञानाचा अर्ज करता येतो, म्हणजे आपल्याकडची मोजणीच. त्या कागदाशिवाय कुणाच्याही टेपला अर्थ नाही.

बिघ्याचंही ऐका, कारण हॉलमध्ये हे कुणीच विचारलं नव्हतं. कालव्याच्या पट्ट्यात 25 बिघ्यांचा मुरब्बा (जमिनीचा चौकोनी तुकडा) असतो आणि तिथला बिघा 27,225 चौरस फुटांचा. त्या पट्ट्याबाहेर पश्चिम राजस्थानात चालतो तो 17,424 चौरस फुटांचा. वीस बिघे पहिल्या हिशोबाने साडेबारा एकर, दुसऱ्याने आठ. भाव साडेबारा एकरांचा लावतात आणि दाखवतात आठ. बिघा शब्द व्यवहारात येऊच देऊ नका, क्षेत्र हेक्टरमध्ये लिहून मागा.

आता पाणी. जवळून मायनर, म्हणजे कालव्याची छोटी शाखा, जाते, ती आम्ही पाहिली: सिमेंटची छोटी चारी, काठापर्यंत वाळूने भरलेली, मधोमध आकाचं (आपल्याकडच्या रुईचं) झुडूप वाढलेलं. शेळ्या घेऊन चाललेल्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, ही सगळी अनकमांड आहे. म्हणजे कालव्याच्या सिंचनाच्या हिशोबात ती धरलेलीच नाही, तिला पाण्याची बारी नाही. एजंट 'नहरी' म्हणतो त्याचा अर्थ एवढाच की कालवा त्या तालुक्यातून जातो. इंदिरा गांधी नहर पंजाबातल्या हरिकेपासून साडेसहाशे किलोमीटर येते, टोकाकडे पाणी कमी पोचतं, आणि कमांडमधल्या शेतकऱ्यालाही दरवर्षी नहरबंदीत, म्हणजे कालवा बंद असतो तेव्हा, डिग्गीत (शेततळ्यात) साठवलेल्या पाण्यावर काढावं लागतं. बोअर मारू म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी पाणी खोल आणि खारं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जे कळलं ते सगळ्यात वाईट. कालव्याच्या भागात महसुलाची तहसील वेगळी आणि उपनिवेशन (कालव्याखालच्या जमिनी वाटणाऱ्या) विभागाची वेगळी. आपली जमीन कुणाच्या दप्तरात आहे ते आधी शोधा. आमच्या हातातल्या नकलेवर एक कोपरा फोटोकॉपीत कापला गेला होता. मूळ नोंदीत तिथे लिहिलं होतं: गैर खातेदार. म्हणजे सरकारने कुणाला तरी वाटप केलेली, अजून पूर्ण हक्क न मिळालेली जमीन, जी त्याला विकताच येत नाही. एजंट ती मुखत्यारपत्रावर आणि इकरारनाम्यावर विकत होता. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. हॉलमधल्या काही जणांनी तिथल्या तिथे टोकन दिलं होतं. त्यांच्यासाठीच हे लिहितेय. पावती सांभाळा आणि मूळ नोंद आजच काढून पाहा.

नोंदीत 'खातेदार' असेल तरी थांबा. विकणारा अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल तर 1955 च्या राजस्थान टेनन्सी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे त्याची जमीन त्या वर्गाबाहेरच्याला विकता येत नाही, रजिस्ट्री झाली तरी व्यवहार रद्द. ओरण, गोचर (गायरान), सिवाय चक (सरकारी पड जमीन), गैर मुमकिन नाडी (तळ्याची जागा) यांपैकी काही दिसलं तर उठून या. ओरण गावाची देवराई आहे, तिच्यावर आपला डोळा नसावाच. घर बांधायचं तर आधी राजस्थान जमीन महसूल कायद्याच्या कलम 90-अ खाली बिगरशेती रूपांतर करावं लागतं, त्याचा खर्च किमतीत धरलेला नसतो. सरहद्दीलगतच्या काही ठाण्यांच्या हद्दीत बाहेरच्यांना परवानगीशिवाय जाताही येत नाही. आणि परदेशात राहणाऱ्या भावा-मुलाच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर सोडा, अनिवासी भारतीयांना शेतजमीन विकत घेता येत नाही.

सोलरचं स्वप्न खोटं नाही, आपल्यासाठी नाही. भडला सोलर पार्क 2,245 मेगावॉटचा आहे, हजारो एकर सलग. एका मेगावॉटला साधारण पाच एकर लागतात, म्हणून आठ एकर ऐकायला पुरेसे वाटतात. पण कंपनीला सलग जमीन हवी असते आणि सबस्टेशन जवळ. छोट्या प्रकल्पांच्या कुसुम योजनेतही सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आतल्या जमिनीला पसंती असते. आमच्या प्लॉटवरून विजेचा खांबसुद्धा दिसत नव्हता.

जैसलमेरचा किल्ला नंतर पाहिला. छान आहे.

अजूनही कुणाला जायचंच असेल तर एजंटच्या डिसेंबरातल्या सहलीबरोबर जाऊ नका. मे महिन्यात, भर दुपारी जा. फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदलं गेलंय. त्या उन्हात वाळूत उभं राहून हिशोब करा की सत्तराव्या वर्षी छातीत दुखलं तर जोधपूरचं एम्स दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि त्यातले पहिले अकरा वाळूतले. कचेरी आधी, प्लॉट नंतर, हा क्रम ठेवा. आमच्यासारखे उलटे गेलात तर ट्रॅक्टरवाल्याचे पैसे फुकट जातील.