पसरणी घाट: चढाला घाबरू नका, उताराला घाबरा

वाईहून पाचगणीला धावत जायचं म्हटलं की जो तो चढाबद्दलच बोलतो. दम लागेल, हळू जा, पाणी घ्या. उताराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. फार तर "येताना काय, नुसतं घसरत यायचं" असं ऐकायला मिळतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे. डिसेंबर-जानेवारीत चढ-उतारांची मॅरेथॉन असेल आणि त्याआधी दोघांनी चार दिवस सरावाला वाई-पाचगणीला जायचं ठरवलं असेल, तर आखणीत सगळ्यात आधी उताराचा दिवस ठरवा. बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

आधी आकडे. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १,२९० च्या आसपास. मधलं अंतर १२ किलोमीटर. म्हणजे जवळपास ५७० मीटरची चढाई. वाईतून घाटाच्या पायथ्याच्या पसरणी गावापर्यंतचा रस्ता बराच सपाट आहे, त्यामुळे प्रत्यक्ष घाटातला चढ ५ टक्क्यांच्या वर जातो. सपाटीवर साडेसहा मिनिटांनी किलोमीटर पळणाऱ्याने इथे पावणेआठ-आठ मिनिटं धरावीत आणि घड्याळातल्या पेसकडे (किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांकडे) बघूच नये. चार शब्द सलग बोलता येत असतील तर वेग बरोबर. ते जमेना झालं की पुढचं वळण येईपर्यंत चाला, त्यात कमीपणा नाही. चढ एकसारखा आहे, मध्येच छातीवर येणारा टप्पा नाही, म्हणून लय एकदा सापडली की पाय आपोआप पडत राहतात. दीड तासात वर पोचता. चढाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता उतार. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो, ब्रेकसारखा. चढताना तो आखडत काम करतो, तेव्हा दम लागतो पण स्नायूला फारशी इजा होत नाही. ताणत काम करताना तंतूंना बारीक इजा होते, आणि ती त्याच वेळी कळत नाही हीच मेख आहे. खाली वाईत पोचाल तेव्हा ताजंतवानं वाटेल, पेसही झकास आलेला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजचा जिना कठड्याला धरून उलटा उतरावा लागेल, आणि दुखणं सगळ्यात जास्त असेल ते २४ ते ४८ तासांनी. चार दिवसांच्या सहलीत पहिल्याच दिवशी पूर्ण १२ किलोमीटर उतरलात तर उरलेले तीन दिवस फुकट गेले समजा.

पण उतार टाळायचाही नाही. एकदा या माराची सवय झालेल्या मांड्या पुढचे काही आठवडे तसल्याच उतारावर कमी दुखतात. घाटात येण्याचं खरं कारण हेच. मात्रा अशी: पहिल्यांदा येत असाल तर ५-६ किलोमीटर, त्याहून जास्त नाही. मॅरेथॉनच्या आधी शेवटचा मोठा उतार किमान तीन आठवडे मागे असावा. शेवटच्या दोन आठवड्यांत "एकदा जाऊन येऊ" म्हणून घाटात आलात तर सुरुवातीच्या रेषेवर दुखऱ्या मांड्या घेऊन उभे राहाल.

उतरताना पावलं आखूड आणि भराभर टाका. टाच पुढे टाकून स्वतःला थोपवू नका, पाय कमरेखालीच पडू द्या. बूट बांधताना सगळ्यात वरच्या भोकातून नाडीचा फास घेऊन घोटा आवळा, नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठ्याची नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापून ठेवा. रस्ता कडेला झुकलेला असतो. एकाच कडेने पळत राहिलात तर गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. कठड्याजवळ आणि गटारालगत पावसाळ्याचं शेवाळ ऑक्टोबर अखेरपर्यंत टिकतं, सावलीतल्या वळणांवर ते दिसतही नाही. ब्रुफेनसारखी गोळी घेऊन पळायला निघू नका: दुखणं झाकलं जातं आणि घाम गाळत असताना मूत्रपिंडावर ताण येतो.

वाहनं हा दुसरा मोठा धोका. शनिवार-रविवार इकडे पळायला येऊच नका, हे ठाम मत आहे. पुण्या-मुंबईच्या गाड्या सकाळी सातपासून लागतात. कोजागिरी ते दिवाळी यांमधले मंगळवार ते गुरुवार सगळ्यात बरे. दिवाळीची सुट्टी लागली की विषय संपला. नियम म्हणून समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उजवीकडून पळायचं. पण रस्ता उजवीकडे वळत असेल तर आतल्या कडेला तुम्ही गाडीवाल्याला दिसत नाही. अशा वळणाच्या आधीच, दोन्हीकडे बघून, बाहेरच्या बाजूला जा. कानात काही घालू नका.

या दिवसांत उजाडतं साडेसहाच्या सुमारास. पावणेसहाला निघा, दोघांच्याही डोक्यावर दिवा आणि पाठीवर चमकणारी पट्टी हवी. नऊनंतर ऑक्टोबरचं ऊन वाईच्या बाजूला चटका देतं. इतक्या सकाळी घाटात काही उघडं नसतं, तेव्हा प्रत्येकी अर्धा लिटर पाणी बरोबर ठेवा. ओआरएसची एक लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाला; अर्ध्या लिटरमध्ये अख्खी पुडी ओतली की पोट बिघडतं. खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू खिशात ठेवा. केळं हातात नको, घाटात माकडं आहेत आणि ती सरळ अंगावर येतात.

दोघांचा वेग वेगळा असेल तर उजाडेपर्यंत एकत्रच राहा. मग जो वेगवान आहे त्याने तीन मिनिटं पुढे जायचं, वळून जोडीदारापर्यंत खाली यायचं, पुन्हा पुढे जायचं. त्याची चढाई वाढते आणि उताराची मात्रा छोट्या तुकड्यांत आपसूक मिळते. गाडी असेल तर एकाने धावायचं, दुसऱ्याने दर तीन किलोमीटरवर रुंद जागा बघून पाणी घेऊन थांबायचं, आणि पुढच्या घाटाच्या दिवशी अदलाबदल.

परतीच्या गाडीवरून पाचगणीत लूट चालते. घामेजलेले, कुडकुडणारे दोन धावपटू दिसले की भाव चढतो. एका गाडीवाल्याने वाईपर्यंतच्या १२ किलोमीटरना १,२०० रुपये सांगितले, वर "परत रिकामं यावं लागतं" हे ठरलेलं वाक्य. अजिबात देऊ नका. वाई-महाबळेश्वर मार्गावर एसटी सारख्या असतात, आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पिशवीत कोरडा टीशर्ट, पातळ जॅकेट आणि सुटे पैसे ठेवले की गाडीवाल्याची गरजच पडत नाही.

मुक्कामाचंही तसंच. "घाटाच्या पायथ्याशी" अशी जाहिरात केलेली खोली पायथ्यापासून चार किलोमीटर दूर निघाली. नकाशावर पसरणी गावापासूनचं अंतर स्वतः मोजा. पहाटे दार कोण उघडणार आणि चहा किती वाजता मिळणार, हे पैसे भरण्याआधी फोनवर विचारा. पहिल्या दोन रात्री वाईत, शेवटची पाचगणीत, ही विभागणी सगळ्यात सोयीची.

वाई-मेणवलीचा रस्ता सपाट, पहिल्या दिवसाच्या हलक्या ८ किलोमीटरला उत्तम. दुसऱ्या दिवशी घाट चढायचा. तिसऱ्या दिवशी पाचगणीच्या टेबल लँड पठारावर नुसतं चालायचं; जांभ्याच्या खडीवर घोटा मुरगळतो, आणि घोडेवाले यायच्या आत खाली उतरलेलं बरं.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर पळण्याचा मोह टाळा. १९ किलोमीटर, अंतर मोहात पाडणारं आहे, पण वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या रांगेत धूर खात उभं राहावं लागतं. त्यापेक्षा एसटीने महाबळेश्वर गाठा आणि तिथून क्षेत्र महाबळेश्वरला जा-ये करा: ६ आणि ६, झाडीतला रस्ता, छोटे चढ-उतार. पुढे आर्थर सीटकडे जायचं असेल तर पुरतं उजाडल्यावरच, कारण जंगलात गवे आहेत. स्ट्रॉबेरीच्या आशेने मात्र येऊ नका, या दिवसांत तिची लागवड नुकती झालेली असते.

उताराचे ते ५-६ किलोमीटर चौथ्या दिवशी ठेवा, घरी निघण्याच्या सकाळी. एसटीने घाटाच्या मध्यावर उतरता येईल का हे चढतानाच वाहकाला विचारून घ्या. नसेल तर वाईकडून पसरणीमार्गे ३ किलोमीटर वर जा, तेवढेच खाली या, आणि हे दोनदा करा. त्यानंतर चार-पाच दिवस फक्त चालणं किंवा सायकल. जिना सरळ, न थांबता, न दुखता उतरता आला की मगच पुन्हा पळायला लागा.