धक्का नसलेलं बंदर

आज ग्रँड केमन, कॅरिबियनमधलं बेट. जॉर्ज टाउनला क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज बाहेर थांबतं, टेंडर म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीने किनारा गाठायचा. नाश्ता आटोपला की सगळे एकदमच रांगेत येतात, त्याआधी नंबर लावलेला बरा. समुद्र खवळला तर बंदर रद्द. वाद घालून उपयोग नाही.

खरी गोची घड्याळाची. उन्हाळ्यात मायामी केमनच्या तासभर पुढे. जहाज मायामीच्या वेळेवर असेल आणि मोबाइलने गुपचूप बेटाची वेळ धरली, की शेवटची टेंडर गेलीच! मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा.

स्टिंगरे सिटीत, म्हणजे समुद्रातल्या उथळ वाळूच्या पट्ट्यावर, पाणी जेमतेम कंबरभर. पाय उचलू नका, वाळूत घासत चाला. स्टिंगरे हा चपटा मासा वाळूत दबून बसतो, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.