व्हाइस सिटीच्या सीडीतून अख्खा रेडिओ बाहेर काढला, त्याची गोष्ट

'जीटीए : व्हाइस सिटी' हा १९८६ सालच्या एका काल्पनिक शहरात घडणारा व्हिडिओ गेम, त्यात गाडीत बसलं की रेडिओ वाजतो. त्याची २००३ सालची पीसीवरची मूळ सीडी मी अजून सांभाळून ठेवली आहे, ती तिच्यातल्या 'ऑडिओ' फोल्डरसाठी. गाण्यांचे परवाने संपत गेले तशी नंतरच्या आवृत्त्यांमधून काही गाणी गळाली. २०२१च्या नव्या आवृत्तीत तर मायकेल जॅक्सनची गाणी नाहीतच. १९८६चं ते शहर रेडिओवर मुळात जसं वाजायचं तसं ऐकायचं, तर ही जुनी सीडीच हवी.

गेमच्या दोन सीडी आहेत, त्यांपैकी आवाज आहे तो 'प्ले डिस्क'वर. गेम चालू असताना हीच ड्राइव्हमध्ये असायची आणि रेडिओ थेट तिच्यावरून वाजायचा, त्यामुळे ओरखडेही तिच्यावरच जास्त. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून घेतली. गोल गोल पुसू नका. सीडीवरची माहिती गोलाकार रेषेत असते, त्याच दिशेने ओरखडा पडला तर सलग मोठा तुकडा हातचा जातो.

बहुतेक फाइली विनातक्रार कॉपी झाल्या. व्ही-रॉक स्टेशनची फाइल मात्र मध्येच अडकून बसायची. तिथे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू कामाला आलं. जे सहज वाचता येतं ते हे सॉफ्टवेअर आधी उचलतं, राहिलेल्या जागा एका फाइलीत टिपून ठेवतं आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा जातं. टिपण असल्यामुळे सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेलं काम तिथून पुढे सुरू करता येतं. माझ्या जुन्या ड्राइव्हने जिथे हात टेकले, ते बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हने वाचलं.

आता फोल्डरमधला ऐवज. शहराचा गोंगाट, समुद्रकिनारा वगैरेंच्या फाइली साध्या एमपी३ आहेत, लगेच वाजतात. रेडिओ स्टेशनं मात्र एडीएफ प्रकारची, प्रत्येक स्टेशनची एकच मोठी फाइल. नेहमीचे प्लेअर त्या उघडत नाहीत. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बाइट डावीकडे आकड्यांत आणि उजवीकडे अक्षरांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडल्यावर गंमत कळते. एमपी३ची प्रत्येक फ्रेम, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा, 'एफएफ' या बाइटने सुरू होते. इथे त्या जागी 'डीडी' दिसतो. जिथे शून्य असायला हवं तिथे २२, म्हणजे उजवीकडच्या रकान्यात जागोजाग दुहेरी अवतरणचिन्हं. प्रत्येक बाइट हेक्स २२ने एक्सऑर केला आहे, म्हणजे त्यातले ठरावीक बिट उलटवले आहेत, बाकी काही नाही. तेच गणित पुन्हा एकदा केलं की आतली एमपी३ हाती येते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे दोन-चार ओळींचं काम आहे. एकेक बाइट फिरवत बसण्यापेक्षा २५६ किमतींचा तक्ता करून 'ट्रान्सलेट' वापरा, काही क्षणांत फाइल तयार होते. यात आवाजाचा एक कणही बदलत नाही, म्हणून तिचं पुन्हा एन्कोडिंग करू नये. एमपी३वरून एमपी३ केली की दर्जा उगाच खालावतो.

बरेच जण इथे आले की गाणी कापून वेगळी करतात. मला ते पटत नाही. गाणी काय, कुठेही मिळतील. पण व्ही-रॉकवरचा निवेदक लॅझलो, इमोशन ९८.३ स्टेशनचा निवेदक फर्नांडो मार्टिनेझ, गाण्यांच्या मधल्या त्या खोट्या जाहिराती, हे सगळं सलग ऐकण्यातच मजा आहे. साधारण तासाभराची एकेक फाइल. गेममध्ये गाडीत बसलो की रेडिओ मधूनच कुठून तरी सुरू व्हायचा, तो याच फाइलीतल्या एखाद्या जागेवरून. मी फाइली अखंड ठेवल्या आणि प्रत्येकीसोबत एक क्यू फाइल केली. त्यात कोणतं गाणं कितव्या मिनिटाला लागतं याची नोंद आहे, त्यामुळे हव्या त्या गाण्यावर उडी मारता येते आणि निवेदकाचं वाक्य अर्ध्यात तुटत नाही. व्हीसीपीआर आणि के-चॅट ही तर निव्वळ गप्पांची स्टेशनं, तिथे कापण्यासारखं काही नाहीच.

उरल्या 'एसएफएक्स' नावाच्या दोन फाइली, एक रॉ आणि एक एसडीटी. रॉ फाइलीत नऊ हजारांहून जास्त छोटे आवाज एकापुढे एक ठेवलेले आहेत : गाडीचं दार, पावलं, रस्त्यावरच्या माणसांची वाक्यं. ऑडासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ बिट, मोनो असं सांगून ही रॉ फाइल आयात करता येते, पण मग सगळ्या आवाजांना एकच वेग लागतो. कुणी चिरक्या आवाजात बोलतं, कुणी घोगऱ्या. खरा हिशेब एसडीटी फाइलीत आहे. प्रत्येक आवाजामागे २० बाइट, त्यात पाच आकडे : आवाज कुठे सुरू होतो, किती लांब आहे, त्याचा सँपल रेट (सेकंदाला किती नमुने) काय, आणि लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या भागाची, सुरुवात व शेवट. हे पाच आकडे वाचून प्रत्येक आवाजाची वेगळी वेव्ह फाइल लिहिणारी छोटी स्क्रिप्ट केली, तेव्हा सगळे आपापल्या खऱ्या आवाजात बोलायला लागले.

या आवाजांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. ते ऐकून स्प्रेडशीटमध्ये वर्णनं लिहिण्याचं काम सावकाश चालू आहे. गाड्या आणि बंदुका लावून झाल्या आहेत, रस्त्यावरची माणसं अजून बाकी आहेत.