मधला पिवळा

"अरे, पट्टीच्या मध्यावर चिखल होतोय," आमच्या गेमची आर्टिस्ट तीन आठवडे सांगत होती. खेळाडूची ताकद दाखवणारी पट्टी हिरव्याकडून लाल होत जाते. अर्ध्यावर उजळ पिवळा हवा, दिसत होता शेवाळी. मी दर वेळी कोड उघडायचो. रंग तिथे लाल, हिरवा, निळा अशा ० ते २५५ च्या तीन आकड्यांनी लिहितात. लाल (२५५, ०, ०), हिरवा (०, २५५, ०), मध्य (१२८, १२८, ०). गणित चोख. "तुझा मॉनिटर तपास," असं मी तिला दोनदा ऐकवलं.

गेल्या मंगळवारी तिने मधला रंग हाताने रंगवून माझ्यासमोर ठेवला. तेव्हा कुठे मी आकड्यांवर शंका घेतली. पडद्याचे रंग आकड्यांत लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे एसआरजीबीत, १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा प्रकाश नव्हे, जेमतेम साडेएकवीस टक्के! डोळ्याला अंधारातले फरक जास्त कळतात, म्हणून आकड्यांची वाटणीच तशी केलेली आहे. मी सरासरी काढत होतो ती आकड्यांची, प्रकाशाची नाही.

मग नीट लिहिलं. आधी आकड्याचा प्रकाश काढायचा: प्रत्येक आकड्याला २५५ ने भागायचं. उत्तर ०.०४०४५ किंवा त्याखाली असेल तर १२.९२ ने भागायचं, नाहीतर ०.०५५ मिळवून १.०५५ ने भागून २.४ चा घात. मिसळायचं, आणि उलट्या वाटेने परत. मध्य आला १८८. बरेच जण सरळ २.२ चा घात लावून मोकळे होतात. काळ्याजवळ त्याने फरक पडतो, मला ते चालत नाही. आणि अल्फाला, म्हणजे रंगासोबतच्या पारदर्शकतेच्या आकड्याला, हात लावायचा नाही. अल्फा म्हणजे किती झाकलं याचं माप, प्रकाश नव्हे. अनुभवी लोकही तिथे चुकतात.

उत्साहात मी युनिटीमधला (ज्यात आम्ही गेम बनवतो) अख्खा प्रोजेक्ट लिनियर केला, म्हणजे सगळीकडे आकड्यांऐवजी प्रकाश मिसळायला लावला. पांढऱ्यावरचा निम्मा पारदर्शक काळा थर १२८ चा १८८ झाला. तिने फोटोशॉपमध्ये जुळवलेली सगळी पॅनेल फिकी पडली, कारण तिथे मुळात आकडेच मिसळतात. ती रात्री साडेनऊपर्यंत पॅनेल दुरुस्त करत बसली होती. शेवटी मी सेटिंग परत फिरवलं आणि फक्त पट्टीचं रूपांतर कोडमध्ये ठेवलं.

पॅनेलच्या बाबतीत सूत्र माझ्या बाजूने होतं, तरी पडद्यावर तिचंच बरोबर दिसत होतं. निळ्या आकाशावरच्या नारिंगी ज्वाळा अजून जुन्याच पद्धतीने मिसळतात. तिला त्या आवडतात. मला त्यांच्या कडा काळपट दिसतात, आणि आता मी तिला विचारल्याशिवाय बदलत नाही.