सह्याद्रीतल्या ट्रेकला १०० जीएसएमचं फ्लीस पुरतं

फ्लीस, म्हणजे लवदार कृत्रिम कापडाचं उबदार जॅकेट, घेताना आधी आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा. १०० टक्के पॉलिएस्टर हवं, जोडीला थोडं इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलं तरी चालेल. बाजारात ‘फ्लीस हुडी’ म्हणून मिळणारे बरेच कपडे आतून घासून लव उभी केलेले सुती किंवा सुतीमिश्रित असतात. घरात ते छान वाटतात, पण चढावर घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि माथ्यावरच्या वाऱ्यात अंग गार पडतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या १ टक्काही पाणी धरत नाही. पिळून झटकलं की ते अंगावरसुद्धा वाळतं. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने पोलर फ्लीस तयार केलं, ते लोकरीहून हलकं आणि लवकर वाळणारं कापड म्हणूनच.

मग जाडी. ती जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनात मोजतात. साधारण १००, २०० आणि ३०० अशा तीन पायऱ्या असतात. १०० जीएसएमचं हाफ-झिप मध्यम मापात सहसा २०० ते २५० ग्रॅम भरतं, तर २०० जीएसएमचं खिसे आणि पूर्ण चेन असलेलं जॅकेट ३५० ते ४५०. कळसूबाई १,६४६ मीटर. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असा ढोबळ हिशोब धरा, म्हणजे माथा समुद्रसपाटीपेक्षा दहा-अकरा अंशांनीच गार. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची चढाई १०० जीएसएममध्ये आरामात होते. २०० घालून चढलात तर अर्ध्या तासात घामाघूम होऊन ते काढावं लागेल. ३०० जीएसएम ट्रेकसाठी नकोच. त्या वजनात पातळ फ्लीस आणि विंडचीटर दोन्ही येतात. केदारकांठासारख्या हिमालयातल्या हिवाळी ट्रेकलाही चालताना पातळ फ्लीसच ठेवा, मुक्कामावर वरून डाऊन (मऊ पिसं भरलेलं) जॅकेट चढवा.

फ्लीसमधून वारा आरपार जातो, आणि पुष्कळांची निराशा इथेच होते. पण त्याच मोकळ्या विणीतून घामाची वाफ बाहेर पडते, म्हणून हा दोष मानू नका. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली पाहिजे. वाऱ्यासाठी वरून १०० ते १५० ग्रॅमचं विंडचीटर पुरतं. आत वारारोधक पापुद्रा चिकटवलेली फ्लीस जड असतात आणि चढावर उकडतं.

अंगात घालून बघताना शक्यतो सॅक पाठीवर घ्या. खांद्याच्या बरोबर माथ्यावर जाड शिवण आली तर पट्ट्याखाली ती दिवसभर काचते. रॅगलन बाही (गळ्यापासून तिरकी जोडलेली) किंवा चपटी शिवण असलेलं निवडा. कमरेचा पट्टा आवळल्यावर खालचे खिसे दाबले जातात आणि चेन हाडावर टोचते, त्यामुळे खिसे नसले तरी बिघडत नाही. छातीवर एक पुरे. दोन्ही हात वर करा: कंबर उघडी पडली तर लांबी कमी आहे. आत टी-शर्ट आणि वर रेनकोट बसेल इतकंच सैल हवं. पूर्ण चेनपेक्षा हाफ-झिप हलकं, आणि गळा उघडून तापलेलं अंग निववता येतं. टोपी वेगळी नेणार असाल तर हुड नको.

डाऊनसारखं फ्लीस दाबून मुठीत मावत नाही, कारण त्याची लव पुन्हा फुलते. कॉम्प्रेशन बॅगवर पैसे घालवू नका. गुंडाळी करून सॅकमधल्या फटीत कोंबा. पावसाळ्यात मात्र आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण धागा पाणी पीत नसला तरी लवेत ते अडकतंच.

धुताना उलटं करून, गार पाण्यात, साध्या साबणाने. सॉफ्टनरने लव चिकटते आणि ऊब कमी होते. घासला जाणारा भाग, म्हणजे खांदे आणि पाठीचा खालचा पट्टा, तिथे आधी गोळे येतात. ते ओढू नका, कापा. इस्त्री अजिबात नको. शेकोटीपासून लांब बसा: एक ठिणगी उडाली तरी पॉलिएस्टर वितळून भोक पडतं, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.